बाज, मघा आणि विझलेली चांदणी

एखादा मोठा माणूस गेला की दुसऱ्या दिवशीच्या मराठी वृत्तपत्रांसाठी एक मथळा जणू आधीच जुळवून ठेवलेला असतो : अमुक क्षेत्रातला तारा निखळला. गायक असो, नट असो, पुढारी असो, मथळा तोच. २० मे २०२५ रोजी जयंत नारळीकर गेले आणि १८ जूनला मारुती चितमपल्ली. महिन्याच्या आत आकाश वाचणारा एक आणि अरण्य वाचणारा एक. चितमपल्लींनी आमच्या नवेगावबांधला बरीच वर्षं काढली होती, त्यामुळे गोंदिया जिल्ह्यात ती बातमी घरातली म्हणून आली. दोघांविषयी बोलताना ताऱ्याचं हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलं. चितमपल्लींना ते शोभूनही गेलं असेल. पण नारळीकरांनी उभी हयात मराठी वाचकाला जे समजावलं त्यात तारा कधीच निखळत नाही. तो मुळात कुठे जडवलेलाच नसतो.

निखळणं म्हणजे अंगठीतला खडा सुटणं, भिंतीतला दगड ढिला होऊन पडणं. या क्रियापदामागे एक अख्खं आकाश आहे : वर घुमट, त्यात रत्नं बसवलेली, आणि त्यांतलं एखादं खाली येतं. गावात मात्र हे क्रियापद कुणी वापरत नाही. गावात तारा ‘तुटतो’. दोर तुटतो, फांदी तुटते, नातं तुटतं, तसा. वस्तुतः दिसते ती उल्का. वाळूच्या कणापासून खड्याएवढा एखादा तुकडा जमिनीपासून शंभरेक किलोमीटरवर हवेत शिरतो आणि जळून जातो. ताऱ्याशी त्याचा काही संबंध नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. माझा रस भौतिकशास्त्रात नाही, भाषेत आहे. चार दशकं मराठी शिकवल्यावर माणसाला क्रियापदांचा संशय यायला लागतो.

संशयाचं कारण असं. आपल्याकडे तारा आणि मरण यांची सांगड दोन प्रकारे घातलेली आहे आणि ते दोन प्रकार एकमेकांच्या अगदी उलटे आहेत. माणूस मेला की तारा तुटतो, हा एक. माणूस मेला की तारा होतो, हा दुसरा. पहिल्यात प्रत्येकाची चांदणी आधीपासून वर आहे आणि मरणाबरोबर ती संपते. दुसऱ्यात मरणानंतरच ती उगवते आणि मग कधीच संपत नाही. एकाच अंगणात, एकाच बाजेवर पडलेली आजी नातवंडांना या दोन्ही गोष्टी सांगते आणि कुणाला त्यात विसंगती दिसत नाही.

मला ती दिसली ती एका मुलीमुळे. सालेकसा तालुक्यातल्या एका शाळेत नववीच्या वर्गात पुस्तकातल्या धड्यावरून विषय निघाला होता. ताऱ्यांनाही जन्म असतो, म्हातारपण असतं, मरण असतं, असं मी सांगत होते. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, ‘‘मॅडम, चांदणी मरते तर माही आजी अजून एकदा मरन का?’’ वर्ग हसला. ती हसली नाही. त्या पावसाळ्यात तिची आजी गेली होती आणि घरच्यांनी तिला वर बोट दाखवून एक चांदणी नेमून दिली होती. विज्ञान तिच्याकडून नेमकं काय काढून घेत होतं, ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तिच्याशी मी काय बोलले ते इथे महत्त्वाचं नाही. मराठी लेखनात या प्रश्नाला कुठे उत्तर आहे का, हे मी तेव्हापासून शोधते आहे.

आपल्या संस्कृतीचं पुस्तकी उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. बापाच्या मांडीवरून उठवलेल्या पोराला अढळपद मिळतं आणि तो ध्रुव होतो. सात ऋषी सप्तर्षी होतात. लग्नात नवरीला ध्रुव आणि अरुंधती दाखवतात, का तर त्यांच्यासारखी अढळ राहा. तारा होणं ही इथे बढती आहे आणि ती निवडक लोकांना मिळते : राजपुत्राला, ऋषींना, ऋषिपत्नींपैकी एकीला. बढतीची मुख्य अट म्हणजे पुन्हा कधी हलायचं नाही, बदलायचं नाही, मरायचं नाही. खगोलशास्त्राने या अढळपदाचं काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. आजचा ध्रुव साधारण चार दिवसांच्या आवर्तनाने किंचित मंद आणि किंचित तेजस्वी होत राहतो. तो ध्रुवस्थानी आहे तोही योगायोगाने. पृथ्वीचा अक्ष सुमारे सव्वीस हजार वर्षांत एक फेरी मारतो, त्या फेरीत सध्या त्याची पाळी आली आहे. पुराणकारांनी अढळपणासाठी निवडलेलं हे उदाहरण फारसं टिकणारं नव्हतं.

त्याच सप्तर्षींना आमच्याकडे, आणि महाराष्ट्रात इतरही बऱ्याच ठिकाणी, ऋषी म्हणतच नाहीत. चौकोनातले चार तारे म्हणजे म्हातारीची बाज, आणि मागच्या वाकड्या शेपटीतले तीन म्हणजे ती बाज पळवायला आलेले चोर. पोथीप्रमाणे शेपटीतले तिघे कोण? अंगिरा, वसिष्ठ आणि मरीची. म्हणजे नवरीने ज्याच्या शेजारी अरुंधती शोधायची तो वसिष्ठ बाजेच्या गोष्टीत मधला चोर आहे. एकाच आकाशाखाली एका मांडवात त्याला नमस्कार होतो आणि दुसऱ्या अंगणात म्हातारी त्याच्यावर नजर ठेवून जागी असते. याला मी नुसती गंमत मानत नाही. आकाशात कुणाला बसवायचं याविषयीची ही दोन वेगळी मतं आहेत. एकात थोर माणसं, दुसऱ्यात घरातली वस्तू आणि ती जाण्याची धास्ती.

या दुसऱ्या आकाशाची गंभीर नोंद फार उशिरा झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी महाराष्ट्र, आंध्र आणि मध्य प्रदेशातल्या सुमारे पंधरा गोंड गावांत फिरून लोकांना आकाशाविषयी विचारलं आणि २०१३ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. पुढे कोलाम, बंजारा, कोरकू यांच्याविषयीही त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलं. गोंडांमध्येही सप्तर्षीची बाज आणि चोर आहेत, आकाशगंगा ही गंगा नसून जनावरांची वाट आहे. गंगेऐवजी ढोरवाट! गोंडांचं आकाश प्रचलित भारतीय खगोलपरंपरेहून वेगळं आहे, हा त्यांचा निष्कर्ष मला पटतो. पद्धतीबद्दल मात्र माझी तक्रार आहे, आणि ती अशा सगळ्याच पाहण्यांबद्दल आहे. नक्षत्रांची आपली यादी हातात धरून ‘याला तुम्ही काय म्हणता?’ असं विचारत गेलं की उत्तरंही यादीच्याच आकाराची येतात. एका बाजूला आपलं नाव, दुसऱ्या बाजूला त्यांचं. ते नाव घरात केव्हा, कोण, कुणाला सांगतं, आणि सांगताना हसतं की आवाज खाली आणतं, हे कोष्टकात बसत नाही. गोंडीत ताऱ्याला सुक्कुम म्हणतात, तेलुगूतल्या चुक्कचा तो भाऊबंद. आमच्या गावांत पहाटेच्या शुक्राला सुकाची चांदणी म्हणतात. शुक्राचा सुक झाला हे व्याकरणाने सरळ आहे. पण जिथे शेजारच्या घरात सुक्कुम हा शब्द पिढ्यानपिढ्या बोलला जातो, तिथे ‘सुक’ ऐकताना दोन भाषांचे कान एकदम टवकारत असतील. अशा गोष्टी यादीतून निसटतात.

बाजेची गोष्ट मला ऋषींच्या गोष्टीहून खरी वाटते, आणि यात विनोद नाही. सप्तर्षीच्या सात ताऱ्यांपैकी मधले पाच एकाच ढगातून जन्मलेले सख्खे तारे आहेत. ते आपल्यापासून साधारण ऐंशी प्रकाशवर्षांवर आहेत आणि एकाच दिशेने निघाले आहेत. टोकाचे दोन मात्र परके. बाजेचा एक पाय (क्रतू) आणि शेवटचा चोर (मरीची) वेगळ्याच दिशेने चालले आहेत. लाखभर वर्षांनी ही आकृती ओळखू येणार नाही इतकी विस्कटलेली असेल. ऋषींच्या कथेत काही घडायचं उरलेलं नाही, ते बसले आहेत. बाजेच्या कथेत चोरी चालू आहे, संपलेली नाही. आकाशात घडतं आहे तेही असंच. म्हातारीला ताऱ्यांची गती माहीत होती असं मला मुळीच म्हणायचं नाही. तिला एवढंच माहीत होतं की वस्तू जातात. तेवढ्या माहितीवर रचलेली गोष्ट अढळपदावर रचलेल्या गोष्टीपेक्षा कमी चुकते, इतकंच माझं म्हणणं आहे.

आता मराठी विज्ञानलेखनाकडे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचं ‘ज्योतिर्विलास’ १८९२ मध्ये आलं. त्याचं जोडनाव ‘रात्रीची दोन घटका मौज’. मराठी माणसाला डोळे वर करून बघायला लावणारं ते आद्य पुस्तकांपैकी एक. पण १८९२ मध्ये सूर्य कशावर जळतो हेच जगात कुणाला ठाऊक नव्हतं, तर तो विझेल कसा हे दीक्षितांनी कुठून सांगावं? हायड्रोजनचा हेलियम होताना ती ऊर्जा मिळत असावी हे एडिंग्टनने १९२० मध्ये सुचवलं, आणि तिचा हिशेब १९३० चं दशक संपताना लागला. त्याच दशकाच्या सुरुवातीला एकोणीस वर्षांचा चंद्रशेखर बोटीतून विलायतेला जाताना एक गणित मांडत होता : विझलेल्या ताऱ्याचं वजन सूर्याच्या सुमारे १.४ पटींहून जास्त असेल तर तो शांतपणे निवत पडून राहू शकत नाही. पुढे खुद्द एडिंग्टनने भर सभेत त्याची टर उडवली. ताऱ्याचा शेवट इतका बेढब असेल हे त्या थोर माणसालाही सोसेना. चंद्रशेखरांना नोबेल मिळालं ते १९८३ मध्ये.

म्हणजे ताऱ्याचं मरण ही मराठीसाठी गेल्या शंभर वर्षांतली नवी बातमी आहे. ती सांगायला शब्द हवे होते, ते घाईने इंग्रजीवरून पाडले गेले. त्यांतला ‘श्वेत बटू’ मला सर्वांत खटकतो. सूर्यासारखा तारा आधी फुगून तांबडा होतो, बाहेरची आवरणं टाकून देतो आणि मागे जो पृथ्वीएवढा, अतिशय घट्ट, नवं इंधन नसलेला गोळा उरतो तो हा. आता मराठी कानाला बटू म्हणजे कोण? मुंजीतला आठ वर्षांचा मुलगा, गोटा केलेला, लंगोटी नेसलेला, ज्याचं सगळं अजून व्हायचं आहे. किंवा दिवाळीच्या दिवसांत हटकून आठवावा असा दुसरा बटू, बळीच्या दारात आलेला वामन. तो इवलासा येतो आणि तीन पावलांत त्रिभुवन व्यापतो. ताऱ्याचं बरोबर उलटं होतं. तो अफाट असतो आणि इवलासा होऊन बसतो. आयुष्य संपलेल्या गोष्टीला आपण आयुष्याच्या उंबरठ्यावरच्या पोराचं नाव दिलं आणि मग मुलांना हा भाग कळत नाही म्हणून कपाळाला हात लावला. चुलीवर जेवण उरकल्यावर राखेखाली झाकून ठेवायचा तो निखारा ज्याने पाहिला आहे, त्याला ही अवस्था एका शब्दात कळते. नवं लाकूड नाही, ज्योत नाही, आतली धग तेवढी हळूहळू बाहेर जाते आहे. नेमकी हीच त्या ताऱ्याची स्थिती. परिभाषा करणाऱ्यांना चूल माहीत नव्हती असं नाही. ती शास्त्राच्या पुस्तकात आणायची लाज वाटली असावी.

नारळीकरांच्या गद्याचा मोठेपणा मला इथे दिसतो. परिभाषा त्यांनी हीच वापरली, पण वाक्यं साधी ठेवली. ‘आकाशाशी जडले नाते’ सारख्या पुस्तकातून त्यांनी पिढ्या घडवल्या. त्यांचे गुरू फ्रेड हॉयल. ताऱ्यांच्या पोटात जड मूलद्रव्यं कशी शिजतात याचा १९५७ चा गाजलेला शोधनिबंध चौघांचा, त्यांपैकी एक हॉयल. आज जो तो ‘आपण ताऱ्यांच्या राखेचे बनलो आहोत’ म्हणतो ते या चौघांच्या जिवावर. विधान खरं आहे. हाडातलं कॅल्शियम, रक्तातलं लोह ताऱ्यांच्या आयुष्यात आणि मरणात तयार झालं. पण व्याख्यानाच्या शेवटी टाळ्यांसाठी ते टाकलं जातं तेव्हा मला ते ऐकवत नाही. ज्या तालुक्यात अंगणवाडीच्या दारात बाया लोहाच्या गोळ्या घ्यायला उभ्या असतात, तिथे ‘तुमच्या रक्तात ताऱ्यांचं लोह आहे’ हे वाक्य बोलण्याआधी क्षणभर थांबावं. ते पुरेसं नाही, हीच तर तिथली अडचण आहे.

असंच दुसरं वापरून गुळगुळीत झालेलं वाक्य : तुम्ही बघता तो तारा कदाचित केव्हाच मेलेला असेल, येतो आहे तो त्याचा जुना प्रकाश. मराठी कवितेने, ललित लेखाने आणि आता मोबाइलवरच्या सुविचारांनी यावर फार मोठा संसार मांडला आहे. गणित मात्र बाजूने नाही. नुसत्या डोळ्यांनी दिसणारे जवळजवळ सगळे तारे काही हजार प्रकाशवर्षांच्या आत आहेत आणि ताऱ्यांची आयुष्यं लाखांत, कोटींत, अब्जांत मोजतात. आर्द्रेचा तांबडा तारा घ्या. म्हातारा, फुगलेला, केव्हातरी फुटणारच असा. २०१९ च्या अखेरीस तो एकदम मंदावला तेव्हा जगभर कुजबुज झाली, आता जातो. तो गेला नाही. त्याने बाहेर टाकलेल्या धुळीने आपली दृष्टी अडवली होती. त्याचं अंतर पाचशे ते सातशे प्रकाशवर्षं, आणि स्फोटाला अजून लाखभर वर्षं असावीत असा अंदाज. म्हणजे तो आत्ताच मेलेला असण्याची शक्यता शंभरात एकसुद्धा नाही. आकाशातल्या बाकीच्यांची तर त्याहून कमी. वर दिसतात ते जिवंत आहेत. कवींनी त्यांना उगाच मारून ठेवलं.

आर्द्रेचा उल्लेख आला म्हणून एक विषयांतर. आमचा जिल्हा धानाचा. पऱ्हे टाकायचे, आवत्या करायचा की रोवणीसाठी थांबायचं, बांधीत पाणी किती, हे सगळं बोलणं नक्षत्रांच्या नावाने होतं. मृग लागला, आर्द्रा निघाल्या. पण मृग लागतो ७-८ जूनला, म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात शिरतो तेव्हा. त्या दिवसांत ते तारे सूर्याबरोबर दिवसा डोक्यावर असतात, रात्री नसतात. शेतकरी वर्षातून सर्वांत जास्त वेळा ज्या चांदणीचं नाव घेतो, ती त्या काळात कुणालाच दिसत नाही. दिसते ती दिवाळीत, धान कापणीला आलेलं असताना. न दिसणाऱ्या ताऱ्याच्या भरवशावर पेरणी करणाऱ्या समाजाला मेलेल्या ताऱ्याच्या प्रकाशाचं फारसं कौतुक का नसावं, याचं उत्तर इथे कुठेतरी आहे. मृगाच्या पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांना खेड्यात तिकांडं म्हणतात. ऐतरेय ब्राह्मणात प्रजापतीवर सोडलेल्या बाणाला त्रिकांड म्हटलं आहे. वेदातला शब्द पंडितांनी पोथीत जपला आणि गुराख्याने तोंडात. पोथी उघडावी लागते, तोंड उघडंच असतं.

आता मुख्य आक्षेपाकडे येते. आपल्या आकाशवाङ्मयात ताऱ्याच्या मरणाला जागा नाही याचा सर्वांत ठळक पुरावा म्हणजे एक न सापडलेली नोंद. ४ जुलै १०५४ रोजी चिनी निरीक्षकांनी वृषभ राशीत एक ‘पाहुणा तारा’ लिहून ठेवला. तो तेवीस दिवस भर दिवसा दिसत होता आणि रात्री एप्रिल १०५६ पर्यंत. एक प्रचंड तारा फुटला होता. त्याचे अवशेष म्हणजे आजचा क्रॅब तेजोमेघ. नारळीकर आणि संस्कृतच्या अभ्यासक सरोजा भाटे यांनी आपल्याकडच्या ग्रंथांत याची नोंद शोधायचं मनावर घेतलं. २००१ मध्ये त्यांनी आपल्या शोधाची हकीकत प्रसिद्ध केली. नि:संशय म्हणावी अशी नोंद हाती आली नव्हती, आणि त्यांनी तसंच लिहिलं. मराठीत, नव्हे भारतात, ‘शोधलं, सापडलं नाही’ हे छापणं दुर्मीळ आहे. माझ्या लेखी नारळीकरांच्या कामातला हा एक छोटा पण कणखर तुकडा आहे.

का सापडली नसावी? जुलै म्हणजे पावसाळा, ढग, हे कारण लगेच सुचतं. ते अर्धंच आहे. तो तारा पुढचे दोन हिवाळे आकाशात होता. बघणारे नव्हते असंही नाही. धारचा राजा भोज त्या काळी गादीवर होता, साधारण १०१० पासून १०५५ च्या सुमारास मृत्यूपर्यंत. ग्रहगणिताचा ‘राजमृगांक’ हा ग्रंथ त्याच्या नावावर आहे, त्याचा आरंभकाळ शके ९६४, म्हणजे १०४२. आमच्या जिल्ह्यातला पोवार समाज आपलं मूळ याच धारच्या परमारांत शोधतो आणि दरवर्षी राजा भोजाची जयंती थाटात साजरी करतो. त्या मिरवणुका बघताना माझ्या मनात हटकून येतं की या राजाच्या अखेरच्या दिवसांत आकाशात एक तारा भर दुपारी दिसत होता. त्याच्या दरबारात गणित जाणणारे होते, पंचांग जाणणारे होते, आणि आपल्या हाती एक ओळही आलेली नाही. ग्रंथ हरवले असतील. पण माझा कल दुसरीकडे आहे. आपल्या ज्योतिषाला जे परत येतं त्याच्यात रस होता. ग्रह परत येतात, ग्रहणं परत येतात, त्यांची कोष्टकं होतात. एकदाच येऊन विझून जाणाऱ्या गोष्टीचं कोष्टक होत नाही. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त धूमकेतूंना आणि उत्पातांना जागा आहे, पण ती शकुन म्हणून : राजाला काय होईल, पीक कसं येईल. त्या गोष्टीला स्वतःला काय झालं, हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. माझ्या वर्गातल्या मुलीने तो विचारला होता.

राहिली मघा. गोंदिया जिल्ह्यात ताऱ्यांविषयी लिहायचं आणि कचारगढ टाळायचं हे मला जमणार नाही. सालेकसा तालुक्यातल्या या गुहांजवळ माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. अनेक राज्यांतून लोक येतात. यात्रेत सांगितली जाणारी कथा अशी की कली कंकालीची तेहतीस मुलं या गुहेत कोंडलेली होती. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्यामुळे त्यांची सुटका झाली. गुहेच्या तोंडावरची शिळा हलली ती हिरासुका पाटालीर या वादकामुळे, आणि तो स्वतः त्या शिळेखाली चिरडला गेला. मुलं बाहेर आली, त्यांच्यापासून कोया वंशाचा विस्तार झाला. वादकाचा तारा झाला असं इथे कुणी सांगत नाही. त्याला वर नेऊन बसवलेलं नाही. तो गेला, आणि जे कोंडलं होतं ते जगात पसरलं.

पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राच्या आसपास असतो त्यावरून महिन्याला नाव मिळतं. माघाचा चंद्र मघेजवळ. १२ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री, ती माघ पौर्णिमेचीच, पूर्ण चंद्र मघेच्या ठळक ताऱ्याच्या अगदी शेजारी होता. वैदिक यादीत प्रत्येक नक्षत्राला एक देवता आहे. मघेची देवता पितर. पूर्वजांचं नक्षत्र. आणि हा तारा आहे कसा? अंतर सुमारे ७९ प्रकाशवर्षं. त्या रात्री यात्रेकरूंवर पडला तो त्याचा प्रकाश १९४६ च्या आसपास निघालेला, गोंदिया भंडारा जिल्ह्यात आणि भंडारा मध्य प्रांतात होता तेव्हाचा. हा तारा साधारण सोळा तासांत स्वतःभोवती गिरकी घेतो, इतक्या वेगाने की मधोमध फुगून दोन्ही टोकांना चपटा झाला आहे. या वेगाचं कोडं उलगडलं ते २००८ नंतर. मघेच्या प्रकाशाचं पृथक्करण करताना दिसलं की चाळीस दिवसांत तिच्याभोवती फिरणारं काहीतरी आहे, डोळ्याला न दिसणारं. पुढे खात्री झाली की तो एक विझलेला तारा आहे, सूर्याच्या जेमतेम तीन दशांश वजनाचा. तोच तो नावाचा बटू. एके काळी या जोडीत तोच मोठा होता. तो आधी म्हातारा झाला, फुगला, आणि त्याच्या अंगावरचं द्रव्य धाकटीकडे वाहून गेलं. तिला तेज मिळालं ते त्यातून आणि गिरकीही त्यातून. आज दिसते ती धाकटी.

इथे मला वाचकाला हात जोडून एक विनंती करायची आहे. ‘पितरांच्या नक्षत्रात मेलेला तारा आहे हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं’ असा निरोप कृपा करून पुढे ढकलू नका. त्यांना ते ठाऊक नव्हतं, ठाऊक असणं शक्यही नव्हतं. सर्वांत मोठ्या दुर्बिणींनाही तो त्या झगमगाटात वेगळा काढायला कष्ट पडले. हा निव्वळ योगायोग आहे. नारळीकरांनी अशा योगायोगांचं भांडवल करणाऱ्यांशी आयुष्यभर वाद घातला, आणि तो वाद अजून संपलेला नाही.

पण योगायोगाचा उपयोग सांगण्यासाठी करायला कुणाची ना नसावी. शिकवत असते तर त्या वर्गात मी ध्रुव दाखवला नसता, आर्द्रेचा स्फोट दाखवला नसता, राखेचं सुभाषितही म्हटलं नसतं. मघा दाखवली असती आणि सांगितलं असतं की हिच्याजवळ एक आहे, तो दिसत नाही, तो विझला आहे. विझण्याआधी त्याने जवळचं बहुतेक सगळं हिच्या अंगावर घातलं. वर बघून ओळखायची ती हिची गिरकी.

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानासाठी उठाल तेव्हा साडेचार-पाचच्या सुमाराला पूर्वेला मघा वर आलेली असेल. ईशान्येला बाज उभी राहत असेल, आधी चौकोन आणि मागून चोर. तिकांडं डोक्यावरून पश्चिमेकडे कललेलं. चंद्राची अगदी बारीक कोर उगवली तरी तिचा उजेड आड येणार नाही. फटाके सुरू व्हायच्या आत अंगणात यायला हवं. कचारगढची पौर्णिमा २०२६ मध्ये लवकर होती, १ फेब्रुवारीला. त्या रात्री चंद्र मघेच्या अलीकडेच होता. तिच्यापाशी तो पोचला पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी, डोंगरावरची गर्दी उतरून गेल्यावर.